चौकटीतलं पहिलं नाव

१

सोमवारी सकाळी संस्थेत आली की नेव्याना चोलाकोवा अंगावरचा कोटसुद्धा न काढता आधी संगणक सुरू करायची. कॉफी नंतर. सोफिया शहरातल्या त्या लहानशा संस्थेत जुन्या इमारतींच्या भिंती आणि त्यांत चढणारी ओल यांचा अभ्यास चाले. चाले म्हणजे पगार निघण्यापुरता चाले. पडदा उजळला की नेव्याना आपल्या नावाचं पान उघडायची आणि गेल्या आठवड्यात जगाच्या पाठीवर कुणी आपल्या शोधनिबंधांची दखल घेतली का ते बघायची. बहुतेक सोमवारी कुणी घेतलेली नसायची. मग ती कोट काढून खुंटीला अडकवायची आणि पाणी उकळायला ठेवायची.

यात हसण्यासारखं काही नाही. प्राध्यापक व्हायचं तर तिथे अशा दखली मोजून दाखवाव्या लागतात. आपणच आपल्या जुन्या निबंधाचा दाखला दिला तर तो धरत नाहीत, सहलेखकानं दिला तरी धरत नाहीत. अनोळखी माणसानं, आणि शक्य तर भलत्याच विषयातल्या माणसानं, आपणहून तुमचं नाव घ्यायला हवं. तसं झालं म्हणजे तुमचं काम चार भिंतींबाहेर पोचलं असं समिती मानते. नेव्यानानं उभी हयात तळघरांत गुडघाभर चिखलात उभं राहून मोजमापं घेतली होती, पण तिचं काम काही त्या तळघरांतून बाहेर यायला तयार नव्हतं.

यंदाच्या नोव्हेंबरात पद भरायचं होतं. ते रिकामं राहिलं तर विभागच बंद होणार आणि नेव्याना सक्तीनं घरी बसणार, हे संचालकांनी तिला अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. याआधी दोनदा ती अर्ज करून मागे पडली होती. दोन्ही वेळा निवडून आलेल्या माणसाला तिनंच फुलं नेऊन दिली होती, दोन्ही वेळा सभागृहात सर्वांत जास्त वेळ टाळ्या तिनंच वाजवल्या होत्या, आणि घरी येऊन स्वयंपाकघरातला दिवा न लावता बसून राहिली होती. घरी विचारणारं कुणी नव्हतं. तिला ते पद हवं होतं. पगार वाढतो म्हणून नव्हे. एकदा तरी त्या सभागृहात आपलं नाव मोठ्यानं वाचलं जावं आणि लोकांनी ते ऐकावं, एवढ्यासाठी.

शेजारच्या खोलीत स्तामेन लेचेव बसायचा. दोघांच्या मध्ये एकच भिंत होती आणि वीस-बावीस वर्षांची मैत्री. मार्चमध्ये संस्थेच्या जिन्यावर त्याचं हृदय बंद पडलं. त्याच्या खोलीला कुलूप लागलं, किल्ली दाराशी बसणाऱ्या दिन्कोकाकांच्या खिळ्यावर गेली, आणि तिथल्या चालीप्रमाणे संस्थेच्या फाटकावर त्याच्या फोटोची काळ्या कडांची मृत्युपत्रिका चिकटली. दोघांनी मिळून लिहिलेला शेवटचा निबंध तेवढा छपाईच्या वाटेवर होता.

२

तो निबंध साध्या गोष्टीवर होता. दोन खोल्यांमधल्या सामाईक भिंतीची एक बाजू वाळायला लागली की ओल दुसऱ्या बाजूला सरकते. जुन्या विटांत दोन्ही बाजू एकाच वेळी कोरड्या राहत नाहीत. कल्पना स्तामेनची, चिखलात उभं राहणं नेव्यानाचं.

त्या भागातल्या छापील नियतकालिकांत एक रीत आहे. लेखक छपाईआधी वारला तर त्याच्या नावाभोवती बारीक काळी चौकट घालतात. वाचणाऱ्याला कळतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. प्रुफं आली तेव्हा नेव्यानानं लाल पेन्सिलीनं स्तामेनच्या नावाभोवती ती चौकट स्वतः आखली. त्याचं नाव आधी होतं, तिचं नंतर. चौकट आखताना ती रडली, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी तिनं संपादकांना वेगळं कळवलं की नावांचा क्रम बदला, चोलाकोवा आधी घ्या, हेही तितकंच खरं आहे. पहिल्या नावाला समितीपुढे वजन जास्त असतं. आणि स्तामेनला आता वजनाचा काय उपयोग होता?

जूनमध्ये अंक आला. पान उघडलं आणि तिला आधी हसूच आलं. जुळणी करणाऱ्यानं नावं बदलली होती; चौकट मात्र पहिल्या जागेवर होती तिथेच राहिली होती. चोलाकोवा हे नाव काळ्या चौकटीत होतं. लेचेव हे नाव त्याच्यानंतर मोकळं उभं होतं.

असली चूक त्या मुलखातच होऊ शकते. दुरुस्ती मागणं सोपं होतं, एका फोनचं काम. पण दुरुस्ती म्हटली की प्रुफं बाहेर निघणार, प्रुफांवर मूळचा क्रम दिसणार, आणि मेलेल्या मित्राला मागे सारून ही बाई पुढे बसली हे समितीतल्या प्रत्येकाला कळणार. नेव्यानानं अंक टेबलाच्या खणात सरकवला. निवड एकदा होऊ दे, मग दुरुस्त करू, असं तिनं ठरवलं.

३

दखल घ्यायला लोक एरवी वर्ष-दोन वर्षं लावतात. ही महिन्याभरात आली. पुलांच्या बांधणीवरच्या कुठल्याशा निबंधात तिचं नाव होतं, चौकटीसकट. पुढच्या सोमवारी मधमाश्यांच्या पेटीतल्या ओलीवर लिहिणाऱ्या कुणीतरी तिचा दाखला दिला. मग दातांच्या मुळांवर लिहिणाऱ्यानं. मग चर्चमधल्या भित्तिचित्रांवर, मग दारूच्या तळघरांवर, आणि एका वकिलानं तर शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीच्या भांडणावर लिहिताना ‘दिवंगत चोलाकोवा यांनी दाखवून दिल्याप्रमाणे’ असं लिहिलं.

नेव्यानाला कारण कळत होतं, किंवा कळतंय असं ती स्वतःला सांगत होती. हयात माणसाचं नाव घेताना विद्वानांचा हात आखडतो. उद्या तो आपल्याच पदाला आडवा आला तर? मेलेल्याचं तसं नसतं. त्याला मोठं करण्यात कुणाचं काही जात नाही. ती प्रत्येक दाखला छापून आपल्या अर्जाच्या फायलीत लावत गेली. समितीला चौकटीशी काय करायचंय, आकडा बघतील. फाइल जाड होत होती आणि सोमवारी सकाळी कोट काढायच्या आधी तिच्या पोटात लहान मुलासारखा आनंद उसळत होता. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर तो आनंद तिला का नको असेल?

सप्टेंबरात तिच्या खोलीतली भिंत ओली लागायला लागली. स्तामेनच्या बाजूची भिंत. आधी रंगाला फुगे आले, मग खाली पांढरं मीठ फुललं. ओलीत जन्म घालवलेल्या बाईला याचं काय नवल. तिनं नळ तपासले, छप्पर तपासलं, काही गळत नव्हतं. पलीकडची बाजू बघावी म्हणून ती खाली दिन्कोकाकांकडे किल्ली मागायला गेली. दिन्कोकाका हिवाळ्याच्या साठवणीसाठी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि जरा उशिरानं ओळखल्यासारखं केलं.

“अरेच्चा, तुम्ही होय,” ते म्हणाले. “आहात अजून?”

“असेन नाही तर काय. निवड होईपर्यंत हलत नाही मी.”

“नाही, म्हणजे... दिसला नाहीत बरेच दिवस.” ती रोज त्यांच्यासमोरूनच जात होती. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. “किल्ली नेलीय वाटतं कुणीतरी. असू दे, वापरात राहते खोली, बरं असतं.”

वर येऊन ती आपल्या टेबलाशी बसली. संस्थेत खोल्या तापवणारे वाफेचे नळ अजून सुरू झाले नव्हते, सगळा मजला थंडगार होता. येताना तिनं पलीकडच्या दाराच्या पितळी मुठीला हात लावला होता तेव्हा ती मूठ कोमट लागली होती. उन्हामुळे असेल, असं तिनं म्हटलं. त्या बोळात ऊन कधीच येत नसे.

मग भिंतीपलीकडे कुणीतरी खण ओढला. लाकडी खण फुगला की ओढताना आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. तो कोरडा खण होता. अलगद सरकला आणि अलगद बंद झाला. तिच्या स्वतःच्या टेबलाचा खण त्या आठवड्यापासून उघडेनासा झाला होता.

४

ऑक्टोबरात मधमाश्यांवाल्या त्याच माणसाचा दुसरा निबंध आला. शेवटी आभार होते. पत्नीचे, दोन शेतकऱ्यांचे, आणि ‘या उन्हाळ्यात झालेल्या उद्बोधक चर्चेबद्दल स्तामेन लेचेव यांचे’.

नाव सारखं असलेला दुसरा कुणी असेल. असतातच. तिनं ती ओळ पुन्हापुन्हा वाचत स्वतःला समजावलं आणि तरीही शुमेन गावी त्या माणसाला फोन लावला. माणूस मोकळा होता, मधमाश्या पाळणारे असतात तसा संथ सुरात बोलणारा. हो, लेचेवसाहेब स्वतः आले होते, जुलैत. हिरवंकंच स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. दिवसभर बसले, मध खाल्ला, ओल कशी सरकते ते पेटीच्या फळीवर चित्र काढून समजावलं.

“आणि तुम्हाला सांगतो, एक शब्द स्वतःबद्दल नाही,” तो म्हणाला. “सगळं त्या चोलाकोवाबाईंचं काम, म्हणे. ती असती तर तुम्हाला याहून नीट सांगितलं असतं, म्हणे. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. आजकाल कोण एवढं करतं मेलेल्या सहकाऱ्यासाठी?”

नेव्यानानं आभारांच्या पानावरचं ते नाव बोटानं झाकलं.

“हॅलो? आपण कोण बोलताय म्हणालात?”

तिनं फोन ठेवला. ते हिरवंकंच स्वेटर तिनंच दिलं होतं स्तामेनला, त्याच्या साठीला. तो ते उन्हाळ्यातही घालायचा कारण तळघरं थंड असतात. त्याच स्वेटरात त्याला पुरलं होतं, मालिनानं, त्याच्या बायकोनं, हट्टानं.

५

मालिनाकडे ती दुपारी गेली. त्या दिवसांत सगळ्या शहरात गच्च्यांवर मिरच्या भाजत असतात आणि प्रत्येक जिन्यात त्याच धुराचा वास भरलेला असतो. मालिनाच्या दारावर मार्चपासून काळी रिबन आणि मृत्युपत्रिका होती. तिकडे ती वर्षभर ठेवतात. आता नव्हती. रंगावर चौकोनी उजळ डाग होता, चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे तुकडे.

मालिनानं दार अर्धंच उघडलं. तिच्या अंगावर काळं नव्हतं. केसांना पीठ लागलेलं होतं. नेव्यानाला बघून तिचा चेहरा असा झाला की नेव्यानाच माफी मागायला लागली, न कळवता आले, दोनच मिनिटं बसते.

“आत ये,” मालिना म्हणाली. “हळू बोल.”

स्वयंपाकघरात परातभर मिरच्या सोलून ठेवल्या होत्या. एकटीसाठी फार होत्या. नेव्यानानं अंकातल्या चुकीचं सांगितलं, आभारांचं सांगितलं, खोलीतल्या आवाजांचं सांगितलं नाही. कुणीतरी स्तामेनच्या नावावर फिरतंय, मालिना, पोलिसांत द्यायला हवं. आणि दुरुस्ती तर छापायलाच हवी, माझंच चुकलं, मी आजच्या आज कळवते.

मालिनानं तिचं मनगट धरलं. तिच्या बोटांना मिरचीचा तेलकटपणा होता.

“कळवू नकोस.”

“अगं पण...”

“नेव्याना, तू कधी माझ्याकडे काही मागितलं नाहीस. मीही तुझ्याकडे मागितलं नाही. आता मागते. ती दुरुस्ती छापू नकोस.” तिनं आतल्या बंद दाराकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. “जेवायला लागलाय. मार्चपासून पहिल्यांदाच मी झोपते. तुला काय कमी पडलंय? तुझं नाव तर सगळीकडे होतंय. तोच करतोय ना सगळं, तुझ्यासाठी? दिवसभर तेच लिहीत असतो.”

आतल्या खोलीत काचेच्या पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज आला. स्तामेन चहात साखर न घालताच चमचा ढवळायचा, वर्षानुवर्षं त्यावरून नेव्याना त्याला चिडवायची. चमचा थांबला. थांबला तो कुणीतरी ऐकत असल्यासारखा.

नेव्यानाला त्या क्षणी जिन्याकडे धावत सुटावंसं वाटलं, आणि तितक्याच जोरानं ते दार उघडावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. तिच्या मनात आलेला विचार सांगायला लाज वाटेल असा होता, पण तोच आला: समितीला फाइल परवा द्यायची आहे. त्या दाखल्यांशिवाय फाइल म्हणजे नुसता पुठ्ठा. निवड होऊ दे.

“बरं,” ती म्हणाली. “नोव्हेंबरपर्यंत नाही कळवत.”

मालिनानं तिला पाण्याचा पेला दिला नाही, बैस म्हणाली नाही. दारापर्यंत सोडायला आली आणि तिच्या गालावर ओठ टेकवले, प्रेताच्या कपाळावर टेकवतात तसे, हलके आणि कोरडे.

६

मृतांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी संस्थेत कुणी ना कुणी शिजवलेले गहू घेऊन येतंच. साखर, अक्रोड, वर दालचिनी, प्लास्टिकच्या पेल्यांतून वाटतात. ज्याच्या नावानं असतील त्याचं नाव सांगायचं, घेणाऱ्यानं ‘देव क्षमा करो’ म्हणायचं आणि खायचं. नाही म्हणायची पद्धत नाही.

त्या आठवड्यात नेव्यानाला खोलीत बसवत नव्हतं. भिंतीची ओल छातीइतकी चढली होती, कागद मऊ पडले होते, कोट खुंटीवर अडकवला तर संध्याकाळी जड होऊन मिळायचा. ती खाली दिन्कोकाकांच्या टेबलाशी उभी राहिली. दोन-तीन माणसं पेले घेऊन खात होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे टाळलं नाही, नुसतं पाहिलं नाही. दिन्कोकाकांनी पेला पुढे केला.

“घ्या बाई, दोन घास घ्या.”

“कुणाच्या नावानं, काका?”

“आमच्या नेव्यानाबाई होत्या वर, ओलीवाल्या.” म्हाताऱ्यानं दुसऱ्या पेल्यावर दालचिनी भुरभुरली. “फार साध्या हो. जाता-येता काही ना काही बोलायच्या माझ्याशी. तुम्ही नव्या दिसता, तुम्हाला नाही ठाऊक.”

नेव्यानानं पेला घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं, खांदे धरून हलवायला हवं होतं त्यांना. पण सगळे थांबले होते, ती म्हणेल म्हणून.

“देव क्षमा करो,” ती म्हणाली, आणि खाल्लं. गहू चांगले शिजले होते. अक्रोड ताजा होता. तिच्या घशातून तो घास खाली उतरेपर्यंत तिला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वर जाऊन तिनं संपादकांना फोन केला. आता पदाचं काहीही होवो. संपादक सभ्य माणूस होता, शांतपणे ऐकून घेतलं. चौकट चुकलीय म्हणता? हो, असं होतं कधी कधी. पण दिवंगत लेखकाच्या नावासंबंधी दुरुस्ती हयात सहलेखकाच्या सहीशिवाय छापत नाहीत, नियमच आहे तसा, नाहीतर नातेवाईक काय वाटेल ते मागतील.

“तुम्ही लेचेवसाहेबांची सही आणा,” तो म्हणाला. “पुढच्याच अंकात घेतो.”

“लेचेव मार्चमध्ये वारले. मी चोलाकोवा बोलतेय.”

मग तो फार मऊ आवाजात बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा.

“मला कल्पना आहे, जवळचं माणूस गेलं की असं होतं. लेचेवसाहेब मंगळवारीच येऊन गेले इथे. चोलाकोवाबाईंवर स्मृतिलेख दिलाय त्यांनी. मी वाचून रडलो. तुम्ही बहीण का त्यांची?”

७

भर दुपार होती. बोळातले दिवे लागलेले होते. नेव्यानानं एका कोऱ्या कागदावर दुरुस्तीच्या चार ओळी लिहिल्या, खाली सहीसाठी जागा सोडली, आणि शेजारच्या दारावर टकटक केली. दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती. काचेमागे दिवा होता, आणि दिव्याच्या अलीकडे कुणीतरी वाकून लिहीत बसल्याचा गडद आकार. तिच्या बाजूचा गारठा दाराशी संपत होता. काचेतून ऊब येत होती.

“स्तामेन,” ती म्हणाली. “एक सही हवीय.”

लेखणीचा आवाज थांबला.

“मी नावं बदलली. माझं चुकलं. तुझं नाव आधी होतं, तुझंच आधी हवं होतं. मी सगळ्यांना सांगेन. सही कर फक्त.”

आकार हलला नाही. तो रागावला असता, हसला असता, तर तिला सोसलं असतं. तिला स्पष्ट ऐकू आलं ते श्वास घेणं, लांब आणि भरलेलं, बऱ्याच दिवसांनी हवा मिळालेल्या माणसासारखं. आणि मग एक अडखळता आवाज, हुंदक्याचा. त्याला तिची कणव येत होती, हे तिला कळलं. मोठ्या मनाचा होता स्तामेन, आधीपासून.

खुर्ची मागे सरकली. पावलं दाराशी आली, काच भरून काळी झाली, आणि तिनं कागद पुढे धरला. आतून किल्ली फिरली. दार उघडलं नाही; आधी नुसतं लोटलेलं होतं, त्याला आता आतून कुलूप लागलं होतं. तिच्या हातातला कागद ओलीनं इतका मऊ झाला होता की शाई पसरून ओळी वाचता येत नव्हत्या.

८

निवडीच्या दिवशी तिनं निळा पोशाख घातला. तो दमट होता, पण इस्त्री चालवून बरा दिसत होता. अजूनही तिच्या मनात एक हिशेब शिल्लक होता. समितीपुढे सगळी संस्था असेल, लोक असतील, उजेड असेल. तिथे उभं राहून बोललं की झालं. माणसानं स्वतः उभं राहून सांगितल्यावर कुठली चौकट टिकते?

सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी सापडली. अध्यक्षबाईंनी फाइल उघडली आणि वाचायला सुरुवात केली: पूल, मधमाश्या, दात, भित्तिचित्रं, तळघरं, कायदा. एवढ्या वेगवेगळ्या विषयांत एकाच निबंधाची दखल घेतली गेल्याचं उदाहरण या संस्थेच्या इतिहासात नाही, असं त्या म्हणाल्या. विभाग बंद होणार नाही. प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात येईल. नेव्यानाचे डोळे भरून आले. कितीतरी वर्षं ती हेच शब्द ऐकायला तिथे येऊन बसली होती, दर वेळी दुसऱ्या कुणाच्या नावापुढे.

“मरणोत्तर प्राध्यापक नेव्याना चोलाकोवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “एकमतानं.”

सगळे उठून उभे राहिले आणि माना खाली घातल्या. तिकडे गेलेल्या माणसासाठी मिनिटभर असंच उभं राहतात. नेव्यानाही उभी राहिली, उभं राहायचं असतं म्हणून. खिडक्यांबाहेर ट्राम वळल्याचा आवाज आला. पहिल्या रांगेत, समितीच्या शेजारी, हिरव्या स्वेटरातली रुंद पाठ होती. मानेवर ताजे कापलेले केस, कानामागे उन्हानं तांबूस झालेली कातडी. तो रुमालानं डोळे पुसत होता. तो वळेल असं तिला वाटलं. तो अर्धवट वळला, गालाची कड दिसली, आणि शेजारच्या माणसानं धीर द्यायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा पुन्हा पुढे वळला.

मिनिट संपलं. आता बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं, श्वास घेतला, शब्द अगदी तयार होते.

तेवढ्यात सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. मेलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवत नाहीत, पण पहिल्या रांगेतला तो वाजवायला लागला आणि त्याच्या मागोमाग सगळे. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत टाळ्या आल्या, तिच्या दोन्ही बाजूंना आल्या, खुर्च्यांवरून, जिन्यावरून. तिचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं, मग आणखी कुणी घेतलं. हे सगळं तिच्यासाठी होतं, शंकाच नव्हती. नेव्यानानं तोंड मिटलं. टाळ्या संपल्या की बोलू, असं तिनं ठरवलं, आणि ती ऐकत उभी राहिली.